धोतराच्या ठिगळाचं विमान

“साहेब, तुमच्या विमानात दुसरी जागा हाय म्हनता. मग मले बसवता का?”

विचारलं मी एकदाचं! आमच्या किराणा दुकानासमोर, अख्ख्या वांकिडी गावाच्या देखत! “पंचफुलाची हिंमतच नाय होनार,” अशी पैज चंपीनं लावली होती. आता ती आणि तिची टोळी तोंडावर हात दाबून खिदळत होती.

साहेब, म्हणजे सुधाकरराव, तेही हसले. पेट्रोल संपत आलं म्हणून आदल्या दिवशी त्यांनी जंगलातल्या माळावर विमान उतरवलं होतं आणि तिथून ते चालत गावात आले होते. नागपुरात त्यांचं चष्म्याचं दुकान. राजा नाही, नवाब नाही, चष्मेवाला!

“लहानसं विमान आहे, बेटा. पुढं एक, मागं एक. मोटारीच्या पेट्रोलवर चालतं, म्हणून तर माझ्यासारख्याला परवडतं. माळापर्यंत पेट्रोल पोचवायला चल. मागची जागा तुझी! गावावर चक्कर मारून तुला परत माळावर सोडतो, मग मी नागपूरला.”

चंपीचं खिदळणं थांबलं. “वरून हात हालवशीन तवाच मानू आमी!”

“मामासंग जाय आन मामासंगच वापस ये,” आई म्हणाली. बाबा तराजूवरची नजर न काढता म्हणाले, “होऊ दे हौस. म्याट्रिक झाली का दुकानातच बसनार हाय ते.”

सकाळी आम्ही तिघं निघालो. नागोरावमामांच्या खांद्यावर कावड, कावडीला पेट्रोलचे दोन गच्च बंद डबे. पुढं मी, हातात काठी, पाठीला भाकरीचं गाठोडं. पावसाळा नुकताच सरलेला. गवत माझ्या डोक्याच्या वर, सागाच्या पानांवर दव, आणि दूर कुठंतरी मोराची हाक. मामा खुशीत होते. विमान सर्वांत आधी त्यांनीच पाहिलं होतं.

“साहेब, तुमी गावाकडं गेले, आन मी काय केलं? हिरवं गवत कापून सारं विमान झाकून टाकलं! ऊन नाय लागनार, पोट्ट्यायच्या नजरेस नाय पडनार!”

“वा, नागोराव!” साहेब म्हणाले.

मध्ये नाला लागला. पाणी कमरेएवढं, पण ओढ जबर! मध्यावर मामांचा पाय शेवाळावरून सटकला. कावड उलटली. धप्प!

“गेलं पेट्रोल!” मामा ओरडले.

पण डबे बुडालेच नाहीत! पेट्रोल पाण्याहून हलकं. डबे तरंगत, गिरक्या घेत खाली पळत सुटले. मीही पळाले! काठाकाठानं, काट्यांतून, दगडांवरून. पुढं एक झाड आडवं पडलेलं होतं. मी त्यावर आडवी झाले. पहिला डबा छातीवर आदळला. धरला! दुसरा निसटत होता. काठी घातली, ओढला!

“शाब्बास पंचे!” मामा धापा टाकत येऊन म्हणाले.

दुपारी माळावर पोचलो आणि तिघंही थबकलो. विमान दिसतच नव्हतं. दिसत होती गुरं! चरायला आलेला अख्खा कळप मामांच्या हिरव्या गवतावर ताव मारत होता. एक म्हैस तर शेपटीचं कापडच चघळत होती!

“हाड्! हाड्!” मी काठी घेऊन धावले. गुरं उधळली. शेपटीला माझं डोकं जाईल एवढं भोक पडलं होतं.

“कापडाचं असते विमान?” मामा मटकन खाली बसले. “मले वाटलं, पत्र्याचं असनार.”

“कापडाचं म्हणूनच हलकं आणि स्वस्त,” साहेब कसनुसं तोंड करून म्हणाले. “पण फाटक्या शेपटीनं उडता येत नाही.”

कापडच ना? कापड शिवता येतं!

“मामा, पोते शिवायचं दाभन हाय ना पागोट्यात? सुतळी द्या. आन धोतर फाडा.”

“माहं धोतर काऊन?”

“गवत कोनी टाकलं?”

मामांनी निमूटपणे अर्धं धोतर फाडून दिलं. मी सुतळीचे पेड सोडवले, आईच्या गोधडीसारखे जवळ जवळ टाके घातले. मामांनी धावड्याच्या झाडाचा डिंक आणला. साहेबांनी तो पाण्यात विरघळवून ठिगळावर थापला. उन्हात ते ढोलकीसारखं ताठ झालं.

“बस आता मागं,” साहेब म्हणाले. “शब्द दिलाय.”

मी दाराशी गेले. मागची जागा! तिथंच होती, माझी! मग माळाकडं पाहिलं. आखूड, दगडांनी भरलेला, टोकाला उंच साग.

“साहेब, इथं परत उतरल्यावर शेपूट आपटन ना? ठिगळ राहीन?”

“नाही राहणार,” ते म्हणाले.

“एकटेच गेले तर झाडायवरून लवकर उठन?”

“उठेल, बेटा.”

मी दारावरचा हात काढला. “मंग एकटेच जा.”

साहेबांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला. “नागपूरच्या फ्लाइंग क्लबात मी विमान चालवायला शिकलो. तिथं मुलीही शिकू शकतात. लक्षात ठेव.”

टाकीत पेट्रोल ओतलं, चाकांना दगड लावले. साहेबांनी हातानं पंखा फिरवला. फट्! फट्! घर्रर्र! ते पुढच्या जागेवर चढले. मामांनी दगड काढले आणि आम्ही दोघांनी शेपूट घट्ट धरली. धूळ, वारा, अंगात थरथर! साहेबांनी हात वर केला.

“सोडा!”

विमान उड्या मारत धावलं. साग जवळ आले. आणखी जवळ! उचल ना! उचल! चाकं शेंड्यांना घासून गेली... आणि वर निळं आभाळ! त्यात माझं पांढरं ठिगळ!

संध्याकाळी गावात शिरले तेव्हा चंपी वाटच पाहत होती. “विमान आलतं, चक्कर मारून गेलं. तू कुठं होती त्यात?”

“शेपटीचं पांढरं दिसलं? ते म्या शिवलं.”

तिनं कमरेला टॉवेल गुंडाळलेल्या मामांकडं पाहिलं, मग माझ्याकडं.

दुकानात बाबा दिवा लावत होते, आई दाराशी उभी होती. मी काठी कोपऱ्यात ठेवली.

“आई, बाबा, आयका. म्याट्रिक झाल्यावर मी दुकानात बसनार नाय. नागपूरच्या क्लबात विमान चालवाले शिकनार. आन आता मागची जागा नाय मागत मी. पुढची!”