द्वारकेचं नाव

बाहेर मिरजेत एक्केचाळीस अंश, आणि ध्रुवकक्षात उणे दोन! ऐंशी उलटलेले उकिडवे सर मफलर गुंडाळून रोज या कृत्रिम ध्रुवप्रदेशात येत.

"आज चाळिसावा दिवस," रेवती म्हणाली. ती त्यांची विद्यार्थिनी, आता या केंद्राची प्रमुख. "बीजाणू रुजले असतील तर आज दिसेल."

सर चष्माच पुसत बसले.

सत्तेचाळीस वर्षांपूर्वी अंटार्क्टिकावरच्या एका खडकावर त्यांना ही हरिता सापडली होती. दगडावर मखमलीसारखी पसरणारी बुटकी वनस्पती. सगळी रोपं मादी. तिला त्यांनी बायकोचं नाव दिलं, तेही माहेरचं: द्वारका. लग्नात तांदळात अंगठीने 'सुलक्षणा' लिहून तिचं हे माहेरचं नाव त्यांनीच पुसलं होतं, आणि ती जन्मभर म्हणायची, "मला विचारलं होतं का कोणी?" आता ती नव्हती. नाव तेवढं उरलं होतं.

पृथ्वीच्या दुसऱ्या टोकाला, उत्तरेच्या एका बेटावर, नॉर्वेच्या एका संशोधकाला तशीच हरिता मिळाली होती. तिथे सगळी नर. दोघांच्या मधे अख्खी पृथ्वी, म्हणून जगाने दोन जाती मानल्या. पुढे दोन्हीकडचे खडक उन्हाने करपले. उरलेली रोपं रेवतीने इथे शेजारी लावली, आणि काय आश्चर्य, बोंडं धरली.

"बीजाणू रुजले तर जात एकच," रेवती म्हणाली. "आणि एका जातीला एकच नाव, जे आधी छापलं गेलं ते."

"म्हणजे नॉर्वेचं. माझ्या लेखाच्या सहा महिने आधी आलं ते. वंश टिकला तर द्वारका गेली, आणि द्वारका राहिली तर वंश बुडाला. कसला मेला पेच!"

"सर, मी बघते. तुम्ही नका बघू."

"छे! मीच बघतो."

सूक्ष्मदर्शकाखाली हिरवे नाजूक धागे दिसले. एक बोट फिरवलं असतं तर कुणाला पत्ताही लागला नसता.

"रुजलेत गं. भरपूर," ते म्हणाले. "पुन्हा लग्न झालं, पुन्हा तिचं नाव पुसलं. या खेपेलाही मीच."

नाव बदलल्याची चिठ्ठी मूळ नमुन्यावर लावावी लागते, म्हणून रेवतीने तो नमुना ठेवलेली सरांची जुनी कागदी पुडी आणून उलगडली आणि तिथेच थांबली.

"सर, ही पुडी कशाची केलीत?"

"असेल रद्दी. कॉलेजच्या वार्षिकांकाचं पान. परदेशी मासिकाने द्वारकेचा लेख वर्षभर अडवला, म्हणून हौसेने तिथे छापला होता, लॅटिन वर्णनासकट. सगळे हसले."

"अंक ग्रंथालयांत गेला होता?"

"पाच-सहांत. पण वार्षिकांकाला कोण छापणं म्हणतं?"

"नियम म्हणतो! वर्णन छापून ग्रंथालयांत पोचलं की झालं. कोणी वाचलंच पाहिजे असं त्यात नाही. पानावरची तारीख बघा. नॉर्वेच्या पाच महिने आधी!"

सरांनी तारीख तीनदा वाचली. डोळे भरून आले, ते त्यांनी लपवले नाहीत. मग पेन्सिल घेऊन त्यांनी नव्या रोपांच्या तबकडीवर लिहिलं: द्वारका. उत्तरेच्या कुंडीवरची जुनी चिठ्ठी काढली, आणि तिथेही तेच नाव लिहिलं.

"बाबा रे," ते त्या नर रोपांकडे वाकून म्हणाले, "तुला विचारलं होतं का कोणी?"