डंपला पुरेल एवढी जागा

पनवेल स्टँडसमोरच्या सिक्स-सीटरमध्ये शेवटची जागा आशालताला मिळाली, आणि बसताबसता शेजारच्याच्या मांडीवरची फाइल तिला दिसली. गुरुदत्त सामंत, सर्व्हिस इंजिनिअर.

तिचं डोकं सणकलं. याच माणसाच्या रिपोर्टवरून काल तिला मेमो मिळाला होता. ती ऑपरेटर होती त्या कोन गावच्या गोदामातला युनिक्स सर्व्हर महिन्यात चारदा कोसळला. रिपोर्टात कारण लिहिलं होतं – ऑपरेटरची चूक. आज संध्याकाळपर्यंत खुलासा, नाहीतर नोकरी गेली.

"सामंत तुम्हीच का?"

"हो... आपण?"

"ऑपरेटरची चूक."

तो हसायला गेला आणि तिचा चेहरा बघून थांबला. पुढे दर खड्ड्याला, तिला धक्का लागू नये म्हणून तो अंग चोरत राहिला. तिला तेही आवडलं नाही.

सर्व्हर रूममध्ये त्याने विचारलं, "मशीन पडल्यावर डंप पाहिलात?"

"पडताना मशीन मेमरीतलं सगळं डिस्कवर राखून ठेवलेल्या स्वॅपच्या जागेत उतरवतं, म्हणजे कारण शोधता येतं. एवढं कळतं मला. दर वेळी डंप अर्धवट निघाला. माझ्या वहीत लिहिलंय. उघडली होतीत वही?"

"...नाही."

"गेल्या महिन्यात मेमरी सोळाची बत्तीस एमबी कोणी केली?"

"मी."

"आणि स्वॅप?"

त्याने आकडा पाहिला. वीस. त्याचे कान लाल झाले.

"बत्तीसचा माल वीसच्या खोलीत कसा मावेल हो, सामंतसाहेब?"

तो कामाला लागला. दुसऱ्या डिस्कवरचा चाळीस एमबीचा रिकामा भाग स्वॅपला दिला, डंप तिथेच जाईल असं ठरवून दिलं. ती आकडे वाचत होती, तो टाइप करत होता.

"परत सांगा ना."

"ऐकू येत नाही?"

"येतं... रागात आकडे छान सांगता तुम्ही."

"माझी नोकरी चाललीय, आणि तुम्हाला छान सुचतंय!"

तीन वाजता मशीन कोसळलं. सवयीने त्याचा हात रीसेटकडे गेला, तिने मनगट पकडलं. "खबरदार! डंप पुरता उतरू दे."

पडद्यावर आकडे सरकत राहिले. ते थांबल्यावर तिच्या लक्षात आलं – मनगट अजून हातातच होतं.

या वेळी डंप पूर्ण निघाला. तासाभराने दोष सापडला: टर्मिनलं जोडणाऱ्या कार्डाचा ड्रायव्हर प्रोग्राम. ते कार्डही सामंतनेच बसवलेलं.

त्याने नवा रिपोर्ट लिहिला. 'ऑपरेटरची चूक नाही. दोष मी बसवलेल्या कार्डाच्या ड्रायव्हरचा. मेमरी वाढवताना स्वॅप वाढवला नाही, ही चूक माझी. आधीचा रिपोर्ट वही न पाहता लिहिला, तीही माझीच.' खाली सही.

तिने दोनदा वाचला. "तारीख राहिली."

त्याने तारीख घातली. "अजून राग आहे?"

"भरपूर."

"मग शनिवारी येऊ? मशीनसाठी नाही... तुमच्यासाठी."

तिने त्याच्यापुढे कोरा कागद सरकवला. "घरचा फोन नंबर लिहा. हा रिपोर्ट गेल्यावर कंपनीत सापडाल असं वाटत नाही मला."