दोनशे तेरावं पान

"सावे सरांनी औषध घेतलं. गेले ते. लवकर या."

सकाळी पावणेदहाला डहाणू पोलीस ठाण्यात फोन आला. बोलणारा परेश, सरांचा शेजारी. उपनिरीक्षक अदिती चुरीनं फोन ठेवला आणि टोपी उचलली. शाळेत तिला इतिहास शिकवला होता तो याच प्रल्हाद सावे सरांनी.

ती हवालदार जीवन वायडाला घेऊन दहा मिनिटांत पोहोचली.

सर खाटेवर आडवे होते. उशाशी चिकूवर फवारायच्या औषधाची बाटली, झाकण उघडं. खोलीभर उग्र दर्प. टेबलावर पेपरवेटखाली एक कागद.

'माझ्या हातून जे घडलं त्याची क्षमा मागावी, असं माणूस आता उरलेलं नाही. मी शांत मनानं जातो आहे. माझ्यामागे कुणाला दोष देऊ नका.'

अक्षर सरांचंच. शंकेला जागा नव्हती. अदितीनं हातमोजे घालून कागद उचलला. वरची कड थोडी तिरकी कापलेली होती. डाव्या कोपऱ्यात तांबूस, काडीएवढा डाग होता.

सरांच्या पत्नी जयमालाबाई बाहेरच्या खोलीत भिंतीला टेकून बसल्या होत्या. रेल्वेत पस्तीस वर्षं तिकिटखिडकीवर काम केलेली बाई. डोळे कोरडे.

"काकू, सरांशी शेवटचं कधी बोललात?"

"सात वाजता. टेबलाशी लिहीत बसले होते. हाच कागद. मी जवळ गेले तर हातानं झाकला."

"मग?"

"मी मागे वाडीत गेले. साडेनऊच्या सुमारास आले, तर हे असे. मी परेशला हाक मारली."

"सकाळी काही खाल्लं-प्यायलं त्यांनी?"

"काही नाही. रोजचा गुळवेलीचा काढासुद्धा घेतला नाही."

"मन कशानं खचलं होतं?"

"ते लिहीत होते त्या पुस्तकानं." बाईंचा आवाज पहिल्यांदा चढला. "आठ वर्षं त्यातल्या तुरुंगातच राहत होते ते. डोळे अधू झाले. स्वतःचंच बारीक अक्षर वाचता येईना. प्रत्येक पान मी वाचून दाखवायचे. फाशी, मारहाण, उपासमार. दुसरं काही नाही."

अदिती स्वयंपाकघरात डोकावली. मोरीत रात्रीची खरकटी भांडी तशीच पडली होती. ओट्यावर मात्र एक पितळी पेला घासून पालथा घातला होता.

परेश माध्यमिक शाळेत शिक्षक. त्याच्याशी ती पडवीत बोलली.

"परवा तुमचं आणि सरांचं भांडण झालं म्हणतात," अदिती म्हणाली.

"झालं. मी ओरडलो त्यांच्यावर. आता स्वतःच्या थोबाडीत मारावीशी वाटते."

"कशावरून?"

"स्मारकावरून. महायुद्धात मलायाला गेलेल्या इथल्या चार सैनिकांचं. चारोटीला दगड येऊन पडलाय. कोरणारा येणार होता. सर म्हणाले, थांब. एक नाव चुकीचं आहे."

"कुठलं?"

"सांगेनात. म्हणाले, आधी घरात बोलतो, मग तुला सांगतो."

"चौघं कोण?"

"गंजाडचा रघ्या आणि उधव्याचे दोघं. हे तिघं जपान्यांच्या कैदेत मेले. परत आले ते एकटे चिमण सुभेदार, काकूंचे वडील. तेलुक बाटूच्या तुरुंगात साडेतीन वर्षं काढली त्यांनी. तिथून आईला पाठवलेलं कार्ड इथंच लावलं होतं." त्यानं भिंतीकडे बोट केलं आणि तो थबकला.

भिंतीवर फक्त फिकट चौकोन होता.

"काच फुटली," जयमालाबाई आतून म्हणाल्या. "परवा उतरवलं."

दुपारभर अदिती ठाण्यात सरांचं हस्तलिखित वाचत बसली. चहा निवून गेला तरी तिला भान नव्हतं.

मलायाच्या किनाऱ्यावरचा तो दगडी तुरुंग. बेचाळीस साली जपान्यांनी तो पकडलेल्या सैनिकांनी भरला. एकाच्या कोठडीत चौघं. पंचेचाळीसच्या ऑगस्टमध्ये जपान शरण गेला. महिन्याभरात उरलेसुरले कैदी बाहेर पडले, आणि त्याच कोठड्यांत त्यांचा छळ करणाऱ्यांना कोंडण्यात आलं. खटले चालले. युद्धगुन्हेगार ठरलेल्यांत अधिकारी होते, पहारेकरी होते, आणि जपान्यांनी कैद्यांमधूनच नेमलेले काही मुकादमही होते. कुणाला फाशी झाली, कुणाला सक्तमजुरी. फाशीच्या आदल्या दिवशी कैद्याला कागद आणि पेन्सिल मिळे. ती शेवटची पत्रं सरांनी मराठीत आणली होती.

सर प्रत्येक प्रकरणाला एक टाचणी लावत. समुद्राची दमट हवा. दोन पावसाळ्यांत सगळ्या टाचण्या गंजल्या होत्या.

नवव्या प्रकरणात अदिती थांबली. दोनशे बारावं पान संपत होतं: 'छावणीतल्या त्या पहारेकऱ्यानं घरी लिहिलं—'

पुढचं पान दोनशे चौदावं होतं.

तिनं शेजारी सरांच्या टेबलावरचा तो कागद ठेवला. दोन्हींच्या डाव्या कोपऱ्यांवरून तिनं बोट फिरवलं.

"वायडा," ती म्हणाली, "शवविच्छेदनाचं काय ते विचारून घ्या. आणि उद्या सरांच्या घराची झडती."

दुसऱ्या दिवशी दुपारी ती पुन्हा त्या घरात आली. परेशलाही बोलावलं होतं. झडतीत जे सापडलं ते वायडाच्या हातात फडक्यात गुंडाळलेलं होतं.

"परेश, सरांनी आत्महत्या केलेली नाही," अदिती म्हणाली.

"पण चिठ्ठी? अक्षर त्यांचंच होतं ना?"

"अक्षर त्यांचं. शब्द मलायातल्या एका फाशीच्या कैद्याचे. पुस्तकातलं दोनशे तेरावं पान आहे ते. पानाचा आकडा वर होता, म्हणून वरची कड कापली. टाचणीचा गंज मात्र कोपऱ्यात राहिला. अख्ख्या प्रकरणात तो त्याच जागी आहे. असा डाग पडायला एक पावसाळा तरी जावा लागतो." ती वळली. "काकू, तुम्ही म्हणालात, हा कागद सरांना काल सकाळी सातला लिहिताना पाहिला."

जयमालाबाईंनी पदर सावरला.

"उशाशी बाटली होती, पण पेला नव्हता. अख्खी मोरी खरकटी, आणि काढ्याचा पेला तेवढा घासलेला. काढा घेतलाच नाही म्हणालात. डॉक्टरांना पोटात औषध सापडलं, गुळवेलही सापडली. कडू काढ्यात ते सरांना कळलं नाही. आणि असं एक पान पुस्तकात आहे, हे दोघांनाच ठाऊक होतं. लिहिणाऱ्याला, आणि वाचून दाखवणाऱ्याला."

"काकू असं का करतील?" परेश जवळजवळ ओरडलाच. "पंचेचाळीस वर्षांचा संसार!"

अदितीनं फडकं सोडलं. आत फ्रेम होती. काच शाबूत होती. मागचे खिळे उचकटलेले होते.

"ही काकूंच्या ट्रंकेत तळाशी होती. कार्डाभोवती जाड पुठ्ठ्याची चौकट आहे. शिक्का तिच्याखाली झाकलेला होता. परेश, तारीख वाच."

परेशनं कार्ड उजेडात धरलं. "तेलुक बाटू तुरुंग. बारा मार्च, एकोणीसशे..." तो अडखळला. "सत्तेचाळीस."

"जपान्यांचे कैदी कधी सुटले?"

"पंचेचाळीसला."

"मग सत्तेचाळीस साली त्या तुरुंगात कोण होतं?"

परेशच्या हातातून कार्ड निसटलं. जयमालाबाईंनी ते वाकून उचललं आणि पदरानं पुसलं.

"यादी आली होती," त्या म्हणाल्या. आवाज अगदी सपाट, तिकिटाचा भाव सांगावा तसा. "परदेशातल्या कुठल्या संग्रहालयातून. बारीक छापलेली. नेहमीसारखी मीच वाचत होते. चिमण, गाव गंजाड, जिल्हा ठाणे. कैद्यांवरचा मुकादम. स्वतःच्या तीन साथीदारांना मारहाण करून ठार केलं. तीन वर्षं सक्तमजुरी. ते म्हणाले, कार्ड उतरव, शिक्क्यावरची तारीख वाच. तीही मीच वाचली."

"सर काय म्हणाले?"

"कार्ड हातात घेऊन बसले. मग म्हणाले, हे पुस्तकात येणार. मी पाया पडले त्यांच्या. म्हटलं, माझे वडील आहेत हो. तर म्हणाले, इतिहासाला सासरा नसतो, जयमाला." त्यांनी कार्ड छातीशी धरलं. "मला अण्णांनी खांद्यावर बसवून जत्रेला नेलं आहे. आई गेल्यावर माझ्या वेण्या घातल्या आहेत. त्याच हातांनी?"

अदितीनं कार्डासाठी हात पुढे केला.

"यादी जाळली मी. कार्ड नाही जाळता आलं. अण्णांचं अक्षर एवढंच उरलंय."

"काकू, चपला घाला," अदिती म्हणाली. सरांच्या बायकोशी याहून कठोर बोलणं तिला जमलं नाही.

चार दिवसांनी अदिती आणि परेश गंजाडला गेले. रघ्याचा मुलगा बाबल्या पाड्याच्या टोकाला राहत होता. वय ऐंशीच्या पुढे. बाप लढाईवर गेला तेव्हा तो आईच्या पोटात होता. सरांच्या मेलमध्ये यादीची प्रत निघाली होती, आणि त्याच्या बापाचं नाव मेलेल्यांत होतं. दुसऱ्या कुणाकडून कळण्याआधी आपण सांगावं, असं अदितीला वाटलं.

म्हाताऱ्यानं सगळं ऐकून घेतलं.

"सुभेदार परत आला तवा आईला भेटाया आलता," शेवटी तो म्हणाला. "बोलला, रघ्या तापानं मेला. माझ्या मांडीवर मेला. मीच त्याचे डोळे मिटले."

"तुमच्या आईचा विश्वास बसला?"

"बसला म्हणजे? दर साली नवा भात निघाला का पयली टोपली सुभेदाराच्या घरी. आमच्या घरात मग शिजायचं. आई मरेस्तवर. तिच्या मागं मी नेली, सुभेदार जगला तवर." तो थांबला. "तो घ्यायचा, बाय. एकदाबी नको नाय बोलला."

परेश मान खाली घालून उभा होता.

"सुभेदाराचं नाव दगडावर येणार नाही, बाबा," तो म्हणाला. "तिघांचीच नावं कोरतो."

"कोर." बाबल्या काठी टेकत उठला. "आन् माझ्या बापाच्या नावाखाली तो कसा मेला ते बी कोर. ताप नको लिहू."