बाई आधी उठते

बटण दाबताक्षणी आवाज आलाच पाहिजे, हे ज्या कुणी ठरवलं, त्याने आमच्या घरातली दहा मिनिटं चोरली आहेत. त्याला मी कधीच माफ करणार नाही. चोरीत माझाही वाटा आहे म्हणा. मी त्याच घाईत वाढले. म्हणूनच त्या गुरुवारचं सांगते. फक्त मध्येच उठू नका.

काम साधं होतं. रविवारी बाबा कायमचे दादाकडे राहायला जाणार होते. त्याआधी मला त्यांची खोली आवरायची होती.

बाबा सिनेमागृहांमधली ध्वनियंत्रणा दुरुस्त करायचे. घरचा प्रीअँप त्यांनी स्वतः बांधला होता. पत्र्याचा डबा, आणि त्यात जुन्या रेडिओत असायचे तसे काचेचे चार व्हॉल्व्ह. शेजारी ट्रान्झिस्टरवाला काळा, जडशीळ अँप्लिफायर. रेकॉर्डवरचा कोवळा आवाज आधी व्हॉल्व्हमधून जायचा, मग हा काळा गडी त्याला स्पीकरपर्यंत ढकलायचा. बाबांचे मित्र नाकं मुरडायचे. "व्हॉल्व्हला व्हॉल्व्हच हवा. हे काय विजोड लग्न लावलंस?"

"जोडपी विजोडच असतात," बाबा म्हणायचे. "गोडवा हिचा, जोर त्याचा."

तेव्हापासून प्रीअँप म्हणजे बाई, आणि अँप्लिफायर म्हणजे बुवा.

नियम एकच. आधी बाई लावायची, दहा मिनिटं तापू द्यायची, मग बुवा. बंद करताना आधी बुवा, मग बाई. उलटं केलं की स्पीकरमध्ये धप्पकन दणका बसायचा आणि बाबांचा चेहरा पडायचा.

"म्हणजे आधी उठायचं बाईनं आणि शेवटी निजायचंही बाईनंच," आई म्हणायची. "यंत्र झाली तरी सुटका नाही!"

म्हणायची, आणि रोज पाच वीसला ओले हात पुसत स्वतःच बाई लावायला यायची. साडेपाचला बाबा यायचे आणि बूटही न काढता बुवाचं बटण दाबायचे. तोवर खोलीत तापल्या काचेचा आणि धुळीचा वास भरलेला असायचा. लहानपणी मला वाटायचं, हा बाबा घरी आल्याचा वास आहे. तो आईने वाट पाहिल्याचा वास होता, हे फार उशिरा कळलं.

कॉलेजात असताना मी यावरून भांडलेही होते. "बाबा, तीस वर्षांत एकदा तरी तुम्ही बाई लावलीत?"

"मला कुठे धीर धरवतो?" बाबा हसले.

"तुझ्या वळणावर गेलेत," आई मला म्हणाली.

आईला जाऊन अकरा महिने झाले होते. तेवढे महिने कुणीच काही लावलं नव्हतं. दादाने एक मिस्त्री शोधला होता. त्याला फक्त बाई हवी होती. बुवा भंगारात जाणार होता. मी फोनवर दादाशी कडाकडा भांडले. "माझ्या खोलीत ठेवते दोघांना. झोपायला जागा नाही उरली तरी चालेल!"

"बाबांना विचार," तो म्हणाला.

विचारलं. बाबा भिंतीकडे तोंड करून पडले होते. "देऊन टाका. मला आता काही ऐकायचं नाही."

एवढंच. मला त्यांच्या तोंडून फक्त एक 'नको' हवं होतं. तेही मिळालं नाही.

दुपारी एक वाजता मी सगळ्या वायरी काढल्या, गुंडाळल्या आणि माझ्या पिशवीत टाकल्या. बाईला आईच्या जुन्या सुती चादरीत गुंडाळलं आणि खोक्यात ठेवलं. बुवा कोपऱ्यात एकटाच उरला. मग पुस्तकं आवरत बसले. बाहेर लख्ख ऊन होतं. स्वयंपाकघरातला नळ थेंब थेंब गळत होता. तो थांबला तेव्हा मी मान वर केली.

वास येत होता.

आधी वाटलं, शेजारी कुणी इस्त्री करत असेल. मग अंगावर काटा आला. हा वास मी ओळखत होते. पिशवी उघडून पाहिली. वायरी आतच होत्या. तरी वास वाढतच होता... सावकाश, जसा तो नेहमी वाढायचा.

दारात बाबा उभे होते.

"साडेपाच झाले?"

"नाही... पाच वीस झालेत."

त्यांनी खोल श्वास घेतला. "तू लावलीस?"

"नाही, बाबा. वायरी इथे आहेत, माझ्याकडे..."

माझा हात खोक्याकडे गेला. मला ते तिथल्या तिथे उघडून बघायचं होतं. न बघता राहणं मला कधी जमलंच नाही.

"थांब," बाबा पुटपुटले. "दहा मिनिटं होऊ देत."

ते बुवाच्या शेजारी जमिनीवर बसले आणि त्याच्यावर हात ठेवला. मीही बसले. आयुष्यात पहिल्यांदा मी पूर्ण दहा मिनिटं काहीही न करता थांबले. भीती वाटत होती, खोटं कशाला सांगू. पण त्या भीतीला शाळेतून घरी आल्यासारखी ऊब होती. खोक्यातून आवाज नव्हता, उजेड नव्हता. फक्त वास, आणि बाबांचा श्वास.

"याला भंगारात नको देऊ," बाबा अगदी हळू म्हणाले. "ती उठून बसेल, आणि पुढे कुणीच नसेल..."

बेल वाजली. साडेपाच. मिस्त्री आला होता, घाम पुसत, जिना चढून दमलेला. "हेच ना खोकं?" मी काही बोलायच्या आत तो वाकला, चादर बाजूला केली आणि आत हात घातला.

झटकन हात मागे घेऊन त्याने बोटांवर फुंकर मारली.

"काय ताई, आत्ताच बंद केलंत होय? एवढी कसली घाई? हे गरम असताना हलवायचं नसतं. रात्रभर निवू द्या. मी उद्या येतो, याच वेळेला."