साठातला एक

वरोऱ्याच्या आमच्या तपासणी केंद्रात भूछत्रीची पावडर आली की मी आधी तिच्यावर आयोडीनचा एक थेंब टाकते. पावडर निळी-काळी पडली तर समजायचं, कुणीतरी तांदळाचं पीठ मिसळून पाठवलंय. चौदा वर्षांत असे कितीतरी पीठवाले मी परत धाडले. एक व्यापारी माझ्यासमोर देवाच्या शपथा घेत होता. मी नुसती निळी बशी त्याच्यापुढे सरकवली. हातच्या कांकणाला आरसा कशाला?

थेंबानंतर चव. औषधी भूछत्री कडू असते आणि तो कडूपणा घशात किती वेळ टिकतो, त्यावरून मला मालाची जात कळते. नियमाप्रमाणे चिमूटभर जिभेवर ठेवून थुंकायचं असतं. मी गिळते. "जीभ खोटं बोलेल, घसा नाही," असं मी अंकुशला नेहमी सांगते. अंकुश शेजारच्या पॅकिंग युनिटमध्ये कॅप्सूल भरायचं मशीन चालवतो आणि माझ्या प्रत्येक वाक्याला "हो, दिव्यानी मॅडम" म्हणतो, म्हणून तो मला आवडतो.

त्या नोव्हेंबरात एटापल्लीच्या पुढच्या एका जंगलगावातून बायकांच्या गटाचा पहिला लॉट आला. त्यांना शिकवायला मीच गेले होते. झाडाच्या खोडावरची लाल, कडक भूछत्री कशी कापायची, कशी वाळवायची, नोंद कशी ठेवायची. गटाची प्रमुख सोमारी पन्नाशीची, कमी बोलणारी बाई. तिला मी माझा लाडका नियम तीनदा म्हणायला लावला होता: तोडलं की तिथंच तोलायचं, मधे त्यातली काडीही बाजूला काढायची नाही. भेसळ आणि चोरी दोन्ही त्या मधल्या वेळेतच होतात. खरेदीदाराने स्पष्ट सांगितलं होतं की हा लॉट पास झाला तर दरवर्षी तुमचाच माल घेऊ, नापास झाला तर पुन्हा त्या गावाची वाट धरणार नाही. गटातल्या अकरा बायका माझ्या सहीकडे डोळे लावून बसल्या होत्या.

माल अप्रतिम होता. थेंब पिवळाच राहिला. कडूपणा दुपारच्या जेवणापर्यंत घशात टिकला. मला मनापासून आनंद झाला.

मग अंकुशने त्या पावडरीच्या कॅप्सूल भरून पाठवल्या आणि मी बाटल्या मोजायला घेतल्या. प्रत्येक बाटलीत साठ कॅप्सूल हव्यात. पहिलीत एकोणसाठ निघाल्या. दुसरीत एकोणसाठ. अशा दहा फोडल्या, दहांतही एकोणसाठच.

"अंकुश, मशीन झोपलं होतं का तुझं?"

"नाई मॅडम. भरताना प्रत्येक बाटली तोलली. हे पाहा वजनं, साठाचीच आहेत."

वजनं खरंच साठाची होती. मी नवी बाटली घेतली, स्वतः साठ मोजून भरल्या, झाकण लावलं, वरून कागदी पट्टी चिकटवून दोघांनी सह्या केल्या. बाटली माझ्या टेबलावर, माझ्या डोळ्यांसमोर. चहा झाल्यावर पट्टी फाडली. एकोणसाठ.

तीच पुन्हा बंद केली, पुन्हा उघडली. अठ्ठावन्न.

अंकुश "हो मॅडम" म्हणायचं विसरला. मी मात्र घाबरले नाही. मला राग आला. जगात कारणाशिवाय काही घडत नाही आणि कारण सापडत नसेल तर आपण चुकीच्या ठिकाणी शोधतोय, एवढंच. बारा कॅप्सूल कमी होत्या. वरोऱ्यात मी कोपरान् कोपरा पाहिला होता. उरलं होतं गाव. दुसऱ्या दिवशी पहाटेच्या गाडीने मी निघाले.

चंद्रपूर, अहेरी, पुढे जीप. सोमारीच्या अंगणात पोचले तेव्हा ऊन कलायला लागलं होतं. धान कापून झालेलं, अंगणात नव्या तणसाचा वास. तिची वही मी पानापानाने तपासली. इतकी स्वच्छ नोंद माझ्या केंद्रातही नसते. तोडणी, लगेच तोल, कुठेही खाडाखोड नाही.

"माल पास झाला का, बाई?" तिने विचारलं.

"माल सोन्यासारखा आहे. पण मोजणीत एक कमी येऊन राह्यला, दरवेळी."

सोमारीने मान खाली घातली. जवळ बसलेल्या रीनाकडे, तिच्या सुनेकडे, पाहिलं.

"यंदा पेनाचा, आमच्या देवाचा, वाटा नाई देला," ती म्हणाली. "जंगलातून काई बी नवं आणलं का पयला वाटा देवाले. ऐनाच्या झाडाखाली, द्रोणात. मंगच बाकीच्यानं खायचं. तुमी सांगतलं, मधात काडी बी काढायची नाई. मंग आमी नाई काढली. द्रोण ठेवला, पण रिकामाच."

"मग?"

"आता रिकामा नाई."

मला हसू आलं. कावळा बसायला अन् फांदी तुटायला गाठ पडली की माणसं देव उभा करतात. मी म्हटलं, चला, दाखवा.

ऐनाचं झाड गावापासून हाकेच्या अंतरावर होतं. खाली दगड, दगडापुढे पळसाच्या पानांचा द्रोण. आजूबाजूचं सावलीतलं गवत ओलं होतं. द्रोण कोरडा होता.

द्रोणात पांढऱ्या कॅप्सूल होत्या. टोपीवर आमच्या युनिटचं हिरवं चिन्ह.

मी मोजल्या. बारा.

कुणीतरी आणून ठेवल्या असतील, मी स्वतःला सांगितलं. वरोऱ्यापासून दोनशे किलोमीटर, एका रात्रीत, कुणीतरी. ते कुणीतरी शोधायला मला वेळ नव्हता. लॉट पास करणं महत्त्वाचं होतं आणि त्यासाठी एक गोष्ट करून पाहायला माझी हरकत नव्हती. प्रयोगच तो.

"द्या वाटा," मी म्हटलं.

सोमारीने घरातून उरलेली ओंजळभर सुकी भूछत्री आणली, द्रोणात ठेवली, गोंडीत काहीतरी पुटपुटली. मग माझ्याकडे वळली.

"बाई, तुमी खाल्लं का त्यातलं?"

"चाखलं. कामच आहे माझं."

"थुकलं?"

"नाई."

तिचा चेहरा उतरला. तिने खाली पडलेलं पळसाचं पान उचललं, काडीने टोचून दुसरा द्रोण केला आणि पहिल्याशेजारी ठेवला.

"हा तुमचा. वाट्याच्या आधी खाल्लं तुमी. यात काई तरी ठेवा. तुमच्या हातानं."

"माझं काय ठेवू, सोमारीबाई? माझ्याजवळ बॉलपेन आहे आन् जीपचं तिकीट."

"काई बी ठेवा, बाई. नाई तर तो त्याच्या मनानं घेते."

खाली रस्त्यावर जीपचा भोंगा वाजला. मी तिच्या खांद्यावर थोपटलं आणि धावत उतरले.

दुसऱ्या दिवशी वीस बाटल्या फोडल्या. विसांतही साठ. बंद करून पुन्हा उघडल्या, तरी साठ. मी लॉटवर सही केली, गटाला फोन करून सांगितलं, पलीकडे बायका एकदम ओरडल्या. नियमातही एक ओळ वाढवली: तोलण्याआधी पहिला वाटा स्थानिक रीतीनुसार वेगळा काढावा. चूक सापडली की दुरुस्त करायची, त्यात कसली लाज?

सोमवारी सलवार सैल वाटली. पॅकिंगमधल्या पोत्यांच्या काट्यावर सहज उभी राहिले. एकोणसाठ. गेल्या महिन्यातल्या आरोग्य शिबिरात साठ होतं. प्रवासाने उतरलं असेल.

मंगळवारी अठ्ठावन्न.

बुधवारी मी काट्यावर प्रमाणित वजनं ठेवून पाहिली. ग्रॅमचाही फरक नव्हता. मग मी चढले. सत्तावन्न.

"मॅडम, डबा खाऊन नाई राह्यल्या का?" अंकुशने विचारलं. मी दोन डबे खात होते.

गुरुवारी, छप्पन्नचा आकडा पाहून मी उतरतच होते, तेव्हा सोमारीचा फोन आला.

"बाई, तुमचा द्रोण..."

"काय झालं त्याला?"

"रोज सकाळी भरून राह्यला."

काट्याचा आकडा शून्यावर आला होता. मी त्याच्याकडे बघत उभी राहिले.

"कशानं भरते, सोमारीबाई?"

मागे कुणीतरी, बहुतेक रीना, रडत होती.

"मले नाव नाई घेता येत त्याचं," सोमारी म्हणाली. "पण उचलला का हाताले गरम लागते."