सर विचारतात, "किती?"

"आजी, चपला बाहेर काढून या."

पोहण्याच्या तलावाच्या पलीकडच्या काठावरून हाक आली आणि ती थबकली. मागे वळून पाहिलं तर कुणी आजी नव्हती. होती ती एकटी, अंगाभोवती ताईची राखाडी शाल गुंडाळलेली. अजून तिशीही न गाठलेल्या मुलीला आजी? तिने चपला काढल्या, ओल्या फरशीवरून तरातरा चालत हाक मारणाऱ्या पोहण्याच्या सरांपर्यंत गेली आणि गोड आवाजात विचारलं, "नातवंडं पाण्यात कधी उतरणार, बाळ?"

जवळून तिला पाहिल्यावर त्यांचे कान लाल झाले. "माफ करा... लांबून नुसती शाल दिसली." सर दिसायला बरे होते, त्यामुळे यायला हवा तेवढा राग तिला काही आला नाही.

ती आली होती ताईच्या हुकमावरून. ताईची लेक भिंगरी इथे पोहायला यायची, आणि ताईच्या कानावर आलं होतं की हे सर ओरडत नाहीत, शिक्षा करत नाहीत, साधी शिट्टीसुद्धा वाजवत नाहीत. अशाने पोरगी काय डोंबल शिकणार, असं ताईचं म्हणणं. तुझं चष्म्याचं दुकान उशिरा उघडतं, तर आठवडाभर जाऊन बघ, रविवारी मी येते. नाही पटलं तर तिला शहराच्या दुसऱ्या टोकाच्या कडक क्लबात घालते, असं बजावून ती मोकळी झाली होती.

मग ही रोज बाकावर बसून बघायला लागली, आणि चक्रावली. घरी पाच हाका मारल्याशिवाय पांघरूण न सोडणारी भिंगरी इथे सगळ्यांत आधी पाण्यात. सर काय करायचे? पोरगं भिंतीला हात लावून थांबलं की वाकून एवढंच विचारायचे, "किती?" पोरगं मान वर करून भिंतीवरच्या घड्याळात बघायचं आणि आपली वेळ आपणच सांगायचं. एकदा एका उंच मुलीने वेळ सांगितली, दोन हात मारले, परत वळली आणि हात वर करून म्हणाली, "नाही सर. थोडी जास्तच होती." सरांनी नुसती मान हलवली. रागावले नाहीत की शाबासकीही नाही.

कुणी तपासत नसताना पोरं खरं का बोलतात? हा प्रश्न तिला दुकानातही काही सुचू देईना. आणि खरं सांगायचं तर सरही.

चौथ्या दिवशी तिने त्यांनाच गाठलं. "गुपित काय आहे तुमचं?"

"गुपित कसलं..." ते घड्याळाकडे बघत म्हणाले. बघताना डोळे बारीक झाले. दिवसभर लोकांचे डोळे तपासणाऱ्या बाईला आणखी काय हवं?

"किती वाजले, सर?"

"सात... सव्वासात?"

"आठ वाजायला आलेत. दुपारी दुकानात या."

ते आले. अंधाऱ्या खोलीत तिने त्यांच्या नाकावर जड चौकट चढवली. कानामागे बोट लागलं तेव्हा तिने ते घाईने मागे घेतलं.

"शेवटची ओळ वाचा."

"तिथे ओळ आहे?"

ती हसली, तेही हसले, आणि मग त्यांनी सगळं सांगून टाकलं. दोन वर्षांपूर्वी ते घड्याळ धूसर झालं. आंधळ्या सरांकडे पोरं कोण पाठवणार, या भीतीने ते बोलले नाहीत, पोरांनाच विचारायला लागले. "पहिले काही दिवस सगळ्यांनी थापा मारल्या. मी विश्वास ठेवत गेलो, दुसरा इलाजच नव्हता. मग एकेकाला आपली थाप आपल्यालाच टोचायला लागली... शिस्त त्यांची आहे हो. मी फक्त विचारतो."

आता ताईला काय सांगायचं? खरं सांगितलं तर भिंगरी जाणार. आणि भिंगरी गेली की या सकाळीही गेल्या. ते तिला अजिबात नको होतं.

शनिवारी सर नवा चष्मा लावून आले आणि उत्साहाने सगळ्यांच्या वेळा स्वतःच सांगायला लागले. पोरं घड्याळाकडे बघायची थांबली, सरांच्या तोंडाकडे बघायला लागली. भिंगरी तर फुरंगटून लवकरच पाण्याबाहेर आली. माझ्याच हाताने घोटाळा केला, असं बाकावर बसलेल्या मावशीला वाटलं.

रविवारी ताई बाकावर येऊन बसली, हाताची घडी घालून. सरांनी एकदा पाण्याकडे पाहिलं, चष्मा काढला आणि ताईशेजारी बसलेल्या हिच्या हातात दिला. "सांभाळा जरा."

भिंगरी भिंतीला टेकली. "किती?"

भिंगरीने आईकडे पाहिलं आणि वेळ सांगितली. चांगली होती, ताईचा चेहरा खुलला. मग भिंगरीचाच छोटा हात वर आला. "नाही सर... दोन सेकंद जास्त."

ताईने हाताची घडी सोडली. "दात घासले का विचारलं तर ही नुसता ब्रश ओला करून ठेवते," ती हळूच म्हणाली. "राहू दे हिला इथेच." आणि टॉवेल घेऊन लेकीकडे गेली.

सर चष्मा न्यायला आले. लावला नाही, हातातच फिरवत राहिले.

"याच्याशिवाय हा बाक म्हणजे नुसतं धुकं," ते म्हणाले. "पण त्या धुक्यात तुम्ही आलात की मला कळतं. रोज वाट बघतो... तुम्हाला आवडतं का, इथे येणं?"

"आजींना?" ती म्हणाली. ते हसले नाहीत. मग तिनेच नजर खाली घातली. "आवडतं."

"किती?"

"थोडंसं."

त्यांनी नुसती मान हलवली आणि वळून काठाकडे निघाले. चार पावलं गेले नसतील. मागे तिने हात वर केला, तो दिसणार नाही हे लक्षात आलं, मग म्हणाली,

"नाही सर... जास्तच."