उतरलेला फेस

गोलू हे लिहिणारच नव्हता. ना खून, ना दरोडा. बिअरवरचा फेस उतरला, एवढ्यावर रहस्यकथा? लोक तोंडात मारतील. पण खवट म्हणाला, "लिही. गाढवांची जत्रा कुणीतरी लिहून ठेवायलाच हवी."

खवट हा गोलूचा मित्र. धंद्याने खासगी गुप्तहेर, स्वभावाने नावासारखाच.

त्या दुपारी एका हॉलमध्ये बिअर आणि चीजच्या जोड्यांची स्पर्धा होती. आधी बिअरचा घोट, मग चीजचा तुकडा. मुख्य परीक्षक एक बडे पारखी, पीळदार मिशांचे. त्यांनी एका बाईंच्या काळ्या बिअरचा घोट घेतला, ग्लास उंच धरला आणि गरजले, "मेलेली बिअर! फेस कुठाय?"

शेजारचे तीन परीक्षक लगेच माना डोलवायला लागले. प्रेक्षकांना वाटलेल्या त्याच बिअरचा ग्लास हातात घेऊन, नाकाला लागलेला फेस पुसत, गोलूनेही मान डोलवली.

थोड्या वेळाने त्या बाई खवटसमोर उभ्या होत्या.

"संध्याकाळी सगळी पिंपं गटारात ओतायला सांगितलीयत. वर पारखी म्हणतात, माझ्या दिराने चीजच्या तुपकट हातांनी ग्लास बरबटवला. बिअर माझी, चीज त्याचं. तेव्हापासून आमचा अबोला."

"ओतताना फेस आला होता?"

"चांगला बोटभर! त्यांनी तोंड लावलं आणि बघता बघता बसला. वर म्हणे लवंगेचा वास येतो. मी लवंग घालतच नाही हो!"

दीर टेबलामागे तोंड फुगवून बसला होता.

"चीजमध्ये लवंग घालता?" खवटने विचारलं.

"चीज आहे ते, दातदुखीचं औषध नाही!"

"ग्लासाला हात लावलात?"

"वहिनी लावू देईल? विचारा तिलाच. बोलत असेल तर."

ग्लास धुणाऱ्या बाई कंबरेवर हात ठेवून म्हणाल्या, "सगळे एकाच पाण्यात धुतलेत. पुसत नाही मी, उपडे वाळवते. नखरे त्या मिशाळाचे! स्पर्धेत त्याच्या स्वतःच्या साडूची बिअर आली तर नॅपकिनने मिशा खसाखसा पुसल्या, बोटाने वर धरून प्यायला. नंतर या बाईंच्या वेळी खिशातून काहीतरी काढून मिशा कुरवाळत बसला."

"झालं," खवट म्हणाला. गोलूला काही म्हणजे काही कळलं नाही.

पारखी खुर्चीत रेलले होते. "जिभेचं शास्त्र तुम्हाला काय कळणार?"

"जीभ राहू द्या. मी मिशा बघायला आलोय." खवटने सगळ्यांना जवळ बोलावलं. "ग्लास तुपकट असता तर फेस मुळात धरलाच नसता. तो बोटभर आला आणि तोंड लावल्यावर मेला. म्हणजे चिकटा ग्लासात नव्हता, ओठांवर होता. चीज तर यांनी अजून तोंडात टाकलंच नव्हतं. उरली लवंग. बिअरमध्ये नाही, चीजमध्ये नाही." तो वाकला आणि त्याने पारख्यांची मिशी खुशाल हुंगली. "इथे आहे. मिशांच्या मेणात."

"अहो, सवय आहे माझी! मेणाने फेस मरतो हे मला काय माहीत?"

"माहीत नाही? मग साडूंच्या वेळी मिशा पुसून, वर धरून कशासाठी प्यायलात?"

पारख्यांचा हात नकळत खिशाकडे गेला. खवटने त्यातली डबी काढून टेबलावर आपटली. "पुसा मिशा. नव्या ग्लासातून प्या परत."

पुसल्या. प्यायले. फेस जागेवर ठाम. शेजारच्या तिघांनी आता तेवढ्याच उत्साहाने उलट बाजूने माना डोलवल्या. पिंपं वाचली.

बाईंनी एक ग्लास दिराकडे सरकवला. "घे."

"तुपकट हात चालतील का, वहिनी?"

"गप पी."

बाहेर आल्यावर खवट म्हणाला, "तो लबाड तरी होता. त्या तिघांचं काय? तिघांच्या ग्लासांवर फेस होता."

गोलूने खाली बघितलं.

"आणि तुझ्या नाकावर."

"ते एवढे मोठे पारखी म्हणाले, म्हणून मला वाटलं…"

"मेंढरं परवडली. ती निदान स्वतःला रसिक म्हणवत नाहीत."

मग गोलू म्हणाला, "शब्द देतो, खवट्या. इथून पुढे मान हलवायच्या आधी स्वतःच्या ग्लासात बघेन. तू समोर असलास तरी."